मोटारसायकलचा आवाज : आधी कान उघडा, मग नट उघडा

जालना जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. भोकरदनकडचा मिरचीचा व्यापारी, परतूर-मंठ्याच्या आठवडी बाजारात गठ्ठे घेऊन जाणारा कापडवाला, अंबड-घनसावंगीच्या मोसंबीच्या बागा फिरून सौदे ठरवणारा दलाल, भंगार गोळा करणारा फेरीवाला, या सर्वांचे दुकान एका अर्थी दोन चाकांवरच उभे असते. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाचा बाजार बुडतो. दुसऱ्या बाजूला याच गाड्यांवर रोजी मिळवणारे शेकडो कारागीर आहेत. त्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत.

या दोघांमधला विश्वास सर्वांत जास्त कशावरून तुटत असेल, तर तो गाडीच्या 'आवाजा'वरून. गिऱ्हाईक म्हणते, "उस्ताद, काहीतरी वाजतंय." मिस्त्री घाईत असतो. तो इंजिन उघडतो, टॅपेट बदलतो, टायमिंग चेन बदलतो, हजारो रुपयांचे बिल होते आणि गाडी चौकापर्यंत जाते तोच आवाज पुन्हा सुरू होतो. गिऱ्हाईक फसवले गेल्याची भावना घेऊन जाते आणि पुन्हा येत नाही. मिस्त्रीने बेइमानी केलेली नसते, पण नाव मात्र त्याचेच खराब होते. म्हणून आवाज शोधण्याची रीत काय आहे, हे आम्ही या लेखात मांडत आहोत. गॅरेजवाल्यांसाठी ती उपयोगाची आहेच, पण गाडीवर धंदा करणाऱ्यांनीही ती समजून घ्यावी. आपल्या गाडीचे दुखणे नीट सांगता आले तर निम्मे काम तिथेच होते.

पहिला प्रश्न 'कुठे' हा नाही, 'केव्हा' हा आहे

आवाज कुठून येतो हे कानाला सहज कळत नाही. इंजिन, फ्रेम, टाकी, मडगार्ड ही सारी लोखंडाने एकमेकांना जोडलेली असतात. मागच्या चाकातली खटखट फ्रेममधून पुढे येते आणि टाकीखाली वाजल्यासारखी वाटते. त्यामुळे जागेचा अंदाज चुकतो. वेळेचा अंदाज मात्र सहसा चुकत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला आधी पुढील प्रश्न विचारावेत.

आवाज गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत येतो की चालू गाडीत? रेस दिल्यावर वाढतो की रेस सोडल्यावर? चढावर आणि ओझे असताना येतो की रिकाम्या गाडीतही? फक्त खड्ड्यात येतो का? ब्रेक दाबल्यावर बदलतो का? आणि शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : आवाज सुरू होण्याआधी गाडीत काय काम झाले होते? चेन ताणली, टायर बदलला, पडल्यावर हँडल सरळ केले, असे काही उत्तर आले तर शोध तिथूनच सुरू करावा.

गिऱ्हाइकाला हे सांगता येत नसेल तर त्याच्याबरोबर एक फेरी मारावी. त्याचा आवाज आणि आपल्याला ऐकू येणारा आवाज एकच आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. पुष्कळदा गिऱ्हाईक एका आवाजाची तक्रार करते आणि मिस्त्री दुसराच आवाज दुरुस्त करून देतो.

तीन सोप्या चाचण्या

त्याआधी एक काम न चुकता करावे. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून इंजिन ऑइल पाहावे. शंभर सीसीच्या गाड्यांत सारे ऑइल मिळून सुमारे एक लिटर असते. त्यातले पाव लिटर जरी जळाले तरी मोठी तूट होते आणि इंजिनचा वरचा भाग वाजू लागतो. ऑइल कमी असेल तर आधी ते पुरे करावे, मग कान लावावा.

पहिली चाचणी उभ्या गाडीची. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हळूहळू रेस द्यावी. आवाज आला तर तो इंजिनचा, क्लचचा, सायलेन्सरचा किंवा इंजिनच्या धक्क्याने वाजणाऱ्या एखाद्या पत्र्याचा. आता क्लच दाबावा. आवाज बंद झाला किंवा लगेच बदलला तर क्लचचा हब किंवा गिअरबॉक्सचे बेअरिंग यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण क्लच दाबताच गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टकडे जाणारी ताकद थांबते. ही चाचणी शटरच्या आत कधीही करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद गाळ्यात तो जीव घेतो.

दुसरी चाचणी चालत्या गाडीची. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी ताशी तीस किलोमीटरपर्यंत न्यावी, रेस सोडावी आणि क्लच दाबून गाडी तशीच घरंगळू द्यावी. चावी बंद करू नये. इंजिनची गती एकदम उतरते, पण चाके फिरतच राहतात. आवाज इंजिनबरोबर उतरला तर दोष इंजिनच्या बाजूला आहे. आवाज गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू मंदावत गेला तर तो चाक, बेअरिंग, ब्रेक, टायर किंवा चेनचा आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. घरंगळताना चेन आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट चाकाबरोबर फिरतच असतात.

तिसरी चाचणी हाताची. इंजिन बंद ठेवून गाडी डबल स्टँडवर घ्यावी. मागचे चाक हाताने फिरवताना दुसरा हात शॉकअॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगवर ठेवावा. बेअरिंग खराब असेल तर त्याची खरखर कानाआधी हाताला कळते. चाक आडवे हलवून पाहावे. चाक हबपाशी खेळत असेल तर बेअरिंग गेले, आणि चाकासकट पूर्ण चिमटा हलत असेल तर चिमट्याचे बुश झिजले. पुढे, ब्रेक दाबून धरून गाडी मागेपुढे ढकलावी. हँडलच्या मुळाशी 'टक' झाले तर कोनसेट ढिला आहे.

या तीन चाचण्यांना पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि एकही नट उघडावा लागत नाही.

आवाजाचा ताल मोजा

ठोके किती जलद पडतात, यावरूनही भाग ओळखता येतो. अठरा इंची चाकाच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने ते चाक सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या मारते. त्याच वेळी इंजिनचा क्रँक सेकंदाला कितीतरी पटींनी जास्त फिरत असतो. नुसत्या स्लोवर, मिनिटाला १,४०० फेऱ्या धरल्या तरी, सेकंदाला तेवीस फेऱ्या होतात. अर्थ सरळ आहे. हळू चालत्या गाडीत जो ठोका 'एक, दोन, तीन' असा मोजता येतो, तो इंजिनचा नसतो. तो चाकाचा, टायरचा, ब्रेकचा किंवा चेनचा असतो.

चेनचा तालही वेगळा असतो. समजा, मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते आहेत आणि चेनला १०४ कड्या आहेत. मग चाकाच्या जवळपास अडीच फेऱ्या होतात तेव्हा चेनची एक फेरी पूर्ण होते. 'खट' असा आवाज चाकाच्या प्रत्येक फेरीला न येता अडीच फेऱ्यांनी येत असेल, तर चेनची एखादी कडी अडकलेली आहे असे समजावे. चाकाला खडूची खूण करून हाताने फिरवले की हे पाच मिनिटांत सिद्ध होते.

इंजिनमध्येही दोन ताल असतात. फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून टॅपेटची टकटक ही खालच्या ठोक्यापेक्षा निम्म्या गतीची, हलकी आणि वरच्या बाजूची असते. पिस्टनचा किंवा क्रँकचा ठोका जलद आणि जड असतो. सरावलेला उस्ताद हा फरक एका क्षणात ओळखतो, पण शागिर्दाला तो समजावून सांगितला पाहिजे.

कानाला काठीची जोड

१८१६ मध्ये पॅरिसचे डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून आजचा स्टेथोस्कोप जन्माला आला. आपले मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरने तेच करतात. टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. हवेत आवाज विखुरतो, लोखंडातून तो सरळ येतो. हेड, ब्लॉक, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर अशा क्रमाने टोक फिरवावे. जिथे आवाज सर्वांत स्पष्ट आणि तीक्ष्ण येतो, त्याच्या जवळ मूळ असते. सायलेन्सरच्या गळतीसाठी मात्र स्क्रू ड्रायव्हर कामाचा नाही. तिथे हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक जोडाजवळ फिरवावे. हे करताना अस्तन्या वर घ्याव्यात, गळ्यातला रुमाल काढून ठेवावा आणि फिरत्या चेनजवळ जाऊ नये.

स्वस्तापासून महागाकडे

शोधाचा क्रम नेहमी बाहेरून आत आणि स्वस्तापासून महागाकडे असावा.

सर्वांत बाहेर पत्रे येतात. चेनकव्हर, नंबर प्लेट, साडी गार्ड, लेग गार्ड, टूल बॉक्स, डबल स्टँडची स्प्रिंग, सायलेन्सरचा क्लॅम्प यांपैकी कोणतीही वस्तू ठराविक रेसलाच थरथरते आणि पुढे-मागे गप्प बसते. पाळण्याला योग्य वेळी झोका दिला की तो उंच जातो, तसेच हे आहे. प्रत्येक पत्र्याचा स्वतःचा एक ताल असतो आणि इंजिनचा ताल त्याच्याशी जुळला की तो वाजतो. शागिर्दाने रेस धरून ठेवावी आणि उस्तादाने एकेक थंड भाग हाताने दाबत जावे. ज्याला दाबल्यावर आवाज थांबेल तोच दोषी. इलाज म्हणजे एक वायसर किंवा रबराचा तुकडा.

त्यानंतर सायलेन्सरचा जोड. हेडजवळचे गास्केट फुटले की हुबेहूब टॅपेटसारखी 'टक टक' येते. रेस दिल्यावर ती वाढते. जोडाभोवती काळी काजळी दिसते. थंड गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओले फडके क्षणभर धरले तर गळती अधिक जोराने फुसफुसते. हे गास्केट अगदी स्वस्त असते. ते न पाहता टॅपेटचे काम काढणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला भोक पाडणे होय.

मग टॅपेट. ते इंजिन थंड असताना, कंपनीच्या पुस्तकातल्या मापानेच, फिलर गेज लावून सेट करावेत. शंभर सीसीच्या गाड्यांत ही फट मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढी असते. टॅपेट पूर्ण गप्प करण्याच्या नादात फट नाहीशी केली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो आणि मोठे काम निघते. थोडी टिकटिक करणारा टॅपेट गप्प टॅपेटपेक्षा बरा, असे जुने मिस्त्री म्हणतात ते याच कारणाने.

थंड इंजिनात पोकळ ठोका आणि गरम झाल्यावर कमी, असे असेल तर पिस्टन ब्लॉकमध्ये ढिला झाला असावा. गरम झाल्यावर अॅल्युमिनियमचा पिस्टन फुगतो आणि फट भरते. चढावर, ओझे असताना, वरच्या गिअरमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर आधी एक गिअर उतरवून पाहावा. मग पेट्रोलची भेसळ, डोक्यातला कार्बन आणि करंटचे टायमिंग तपासावे.

जुन्या राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० अजून ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवावे. या टू स्ट्रोक गाड्यांना टॅपेट नसतातच. तिथे वरून टकटक आली तर पिस्टन, रिंग किंवा पिस्टन पिनचे बेअरिंग यांचाच विचार करावा. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर आपल्या भागात फोर स्ट्रोक गाड्या वाढत गेल्या आणि मिस्त्रींना कान नव्याने तयार करावे लागले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, आणि आता पुन्हा तीच वेळ आहे. चावी फिरवताच दोन-तीन सेकंद येणारी गुणगुण पेट्रोलच्या पंपाची असते. इंजेक्टरची बारीक टिकटिकही नेहमीचीच असते. गाडी बंद केल्यावर सायलेन्सर थंड होताना टिक टिक करतो, तोही दोष नव्हे. गिऱ्हाइकाला हे समजावून विनाखर्च परत पाठवणे हीसुद्धा कारागिरीच आहे.

ओझ्याच्या गाडीचे एक उदाहरण

आपल्या व्यापारी बांधवांच्या गाडीवर ओझे असते, म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो. समजा, परतूरचा एक कापडवाला तक्रार घेऊन आला. गठ्ठे लादले की मागून 'घर्र घर्र' येते. रिकामी गाडी गप्प असते. त्याला कोणी गिअरबॉक्स उघडायला सांगितले आहे.

उभ्या गाडीत आवाज नाही. म्हणजे इंजिन बहुधा बाजूला पडले. ओझे लादून गाडी घरंगळवली तर आवाज क्लच दाबूनही राहतो आणि वेगाबरोबर उतरतो. म्हणजे तो चाक किंवा चेनचा. डबल स्टँडवर चाक हाताने फिरवले तर बेअरिंग गुळगुळीत आहे. मग ओझ्याने बदलते तरी काय? शॉकअॅब्सॉर्बर दबतात. ते दबले की चिमटा वर येतो, पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि मागचा एक्सल हे तिन्ही जवळजवळ एका रेषेत येतात आणि त्या क्षणी दोन स्प्रॉकेटमधले अंतर सर्वांत जास्त होते. डबल स्टँडवर चेन घट्ट ताणलेली असेल तर ओझ्याखाली ती तारेसारखी ताठ होते आणि घरघरते. तशीच गाडी महिनाभर चालवली तर चेन सेट जातो आणि गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंगही जाते. म्हणजे ज्या गिअरबॉक्सवर आधी खोटा आळ आला होता, तो पुढे खरोखरच खराब होतो.

खात्री करण्यासाठी दोन माणसे सीटवर बसवावीत आणि चेन बोटाने वरखाली करून पाहावी. ढिलाई उरलीच नसेल तर निदान पक्के झाले. इलाज एवढाच की, चेन कंपनीच्या मापाने ढिली करावी. बहुतेक लहान गाड्यांत ही ढिलाई दोन ते तीन सेंटिमीटर असते, आणि ती चेन जिथे सर्वांत ताठ येते तिथे मोजावी. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात. चेन लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. उलटे लावल्यास क्लिप निसटू शकते. या कामाला एकही पार्ट लागत नाही. चेनला ऑइल देताना मात्र इंजिन बंदच ठेवावे. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फडक्याने चेन पुसणाऱ्याची बोटे क्षणात जाऊ शकतात.

हे आवाज ऐकले की गाडी थांबवावी

काही आवाज बाजार आटोपेपर्यंत वाट पाहण्यासारखे नसतात. इंजिनच्या तळातून येणारा आणि ओझ्याने वाढणारा जड ठोका, ऑइल असूनही एकदम सुरू झालेली खणखण, ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, पुढच्या चाकातली खरखर, दाते सोडून उडी मारणारी चेन. यांपैकी काहीही आढळले तर गाडी तिथेच उभी करावी. ठोका देणारा कनेक्टिंग रॉड तुटला तर क्रँककेस फुटते. पुढचे बेअरिंग किंवा चेन चालत्या गाडीत अडकली तर चाक जाम होते, आणि मागे बसलेल्या मुलाबाळांसकट माणूस रस्त्यावर येतो. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावे.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी हिशेबाची गोष्ट

आवाज शोधण्याचे काम मोफत समजले जाते. ते केले तरी मजुरी मिळत नाही, म्हणून ते टाळून पार्ट बदलण्याकडे कल जातो. ही पद्धत बदलली पाहिजे. 'आवाज तपासणी' अशी लहानशी ठरलेली मजुरी आधीच सांगावी. काय आढळले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि मगच काम सुरू करावे. बदललेला जुना पार्ट न मागता गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावा. आवाज सापडला नाही तर तसे स्पष्ट सांगावे. अंदाजाने पार्ट बदलून बघण्यापेक्षा ते बरे.

व्यापारी बांधवांनीही ही मजुरी आनंदाने द्यावी. पंधरा मिनिटे कान लावून बसणाऱ्या माणसाने आपले इंजिन उघडण्यापासून वाचवले, तर त्याने आपला बाजाराचा दिवस वाचवला. पाना कोणीही विकत घेऊ शकतो. कान मात्र वर्षानुवर्षांच्या हुनराने तयार होतो, आणि हुनराची किंमत पार्टच्या बिलात लपवण्यापेक्षा उघडपणे मागण्यात आणि देण्यात दोघांचीही इज्जत आहे.